अंगठ्याखालचा नंबर

नोकरीच्या मुलाखतीला गेले तेव्हा माझ्या अर्जातली एक ओळ मी मुद्दाम ठळक टाइप करून घेतली होती: एम. ए. इंग्रजी, महाविद्यालयात प्रथम क्रमांक. लग्न होऊन कराडहून नव्या मुंबईत आलेल्या माझ्याजवळ मिरवण्यासारखं तेवढंच होतं. टेबलापलीकडे प्राचार्या मढवी बाई बसल्या होत्या. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “वर्गात किती जण होतात?”

“सात,” मी म्हटलं.

“कोण कोण?”

मुलाखतीत असं कुणी विचारतं का? पण मी गडबडले आणि खरंच सांगायला लागले. एक मुलगी अर्ध्या वर्षात बाळंतपणासाठी माहेरी गेली. दोघं स्पर्धा परीक्षेच्या नादात वर्गाकडे फिरकत नसत. एकाचं मोबाइलचं दुकान होतं, गिऱ्हाईक नसेल त्या दिवशी तो यायचा. सांगता सांगता माझा प्रथम क्रमांक माझ्याच डोळ्यांदेखत बारीक होत गेला. बाई मात्र खूश दिसत होत्या. सगळे आठवतात ना, मग झालं, असं म्हणून त्यांनी मला सोमवारपासून यायला सांगितलं. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, नोकरी लागली आहे, पण का लागली ते मला कळलेलं नाही.

ते कळायला पुढची कितीतरी वर्षं गेली.

बाई घणसोलीच्या. टॉवरवाल्या घणसोलीच्या नव्हेत, गावातल्या. जिथे दोन घरांच्या मधून छत्री उघडून जाता येत नाही, त्या गल्लीत मढवींचं चार मजली घर आहे. खाली दुकानं, वर भाडेकरूंच्या खोल्या आणि मधल्या मजल्यावर बाई. शहर वसवायला त्यांची भातशेती गेली, मिठागर गेलं, तेव्हा भावांनी बांधकामात हात घातला आणि बाईंनी गणितात. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची हिंमत आमच्या स्टाफरूममध्ये कुणाला झाली नाही, मला तर नाहीच नाही. उंचीने बेताच्या, अंगाने भरलेल्या, कडक इस्त्रीची साडी आणि गळ्यात सोन्याची जाडजूड साखळी. प्रार्थनेच्या वेळी माइक बंद पडला तर मुलांना काहीच फरक पडायचा नाही, कारण बाई माइकवर अवलंबून नव्हत्याच. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी असायची. डबा उघडला की स्टाफरूममधली शाकाहारी मंडळी लगबगीने खिडक्या उघडत आणि बाई समाधानाने म्हणत, छान वारा येतोय.

त्यांना दोन भाषा येत. ऑफिसातली मराठी बातम्या सांगणाऱ्या बाईसारखी स्वच्छ. राग आला, आनंद झाला किंवा समोरच्याने फार शहाणपणा केला की मात्र गावची बोली वर यायची आणि ‘आहे’चं ‘हाय’ व्हायचं. त्यामुळे शिपायांपासून संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना अंदाज असायचा. ‘आहे’ ऐकू येत असेपर्यंत सगळे निवांत.

मुलांची नावं लक्षात ठेवायची त्यांची पद्धत मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. रोल नंबर त्यांना कधी सांगता आला नाही, आडनावांचा गोंधळ व्हायचा, पण कोण कुणाच्या बाजूला बसतं हे त्यांना पक्कं माहीत असे. “कुठला रोहन? सिद्धेशच्या बाजूचा ना?” असं म्हणत त्या सुरुवात करत, आणि मग रोहनची सगळी कुंडली बाहेर पडे. रोहन सिद्धेशच्या बाजूला बसायला लागल्यापासून त्याचं अक्षर सुधारलं, पण सिद्धेश मात्र बोलायला लागला, हे त्यांना वर्गशिक्षकांच्या आधी कळलेलं असायचं. मीही यातून सुटले नाही. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची गायकवाड सरांच्या शेजारी होती, तेवढ्यावरून मी कायमची ‘गायकवाडांच्या बाजूच्या शिंदे मॅडम’ झाले. गायकवाड सर निवृत्त झाले तरी माझी ओळख बदलली नाही.

आणि त्यांचा अंगठा. आमच्या प्रगतिपुस्तकात अगदी शेवटी एक चौकट होती, वर्गातील क्रमांक. अध्यक्षांचा आग्रह म्हणून ती छापली जायची आणि वर्गशिक्षक ती भरायचेही. पण बाई सहीसाठी पुस्तक हातात घेत तेव्हा डावा अंगठा आधी त्या चौकटीवर जाऊन बसे. मुलाला समोर उभं करून त्या एकेक विषय वाचत, काहीतरी विचारत, सही करत आणि पुस्तक मिटून परत देत. या सगळ्यात अंगठा जागचा हलत नसे. स्नेहसंमेलनात मुलं बाईंची नक्कल करायची ती साडी नेसून नव्हे, नुसता अंगठा वहीवर टेकवून. सगळा हॉल ओळखायचा आणि पहिल्या रांगेत बसलेल्या बाई सगळ्यांत मोठ्याने हसायच्या.

अध्यक्षांनी एकदा गुणवंतांचा फलक करून आणला. शिसवी लाकूड, सोनेरी अक्षरं, दरवर्षी पहिल्या आलेल्यांची नावं. तो प्राचार्यांच्या ऑफिसात लावायचा, असा ठराव झाला. बाईंनी ठराव तंतोतंत पाळला. फलक लावला तो दाराच्या मागच्या भिंतीवर. दार आत उघडायचं आणि उघडलं की फलक पूर्ण झाकला जायचा. प्राचार्यांचं दार मुलांसाठी सदैव उघडं असलं पाहिजे, असं अध्यक्षांनीच आधी एका भाषणात सांगितलं होतं, त्यामुळे त्यांना काही बोलता येईना.

बाईंच्या या हट्टामागे काय आहे ते मला एका पालकसभेत कळलं. सावंत नावाचे गृहस्थ होते, कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, पाम बीच रोडच्या कडेला टॉवरमध्ये राहणारे. त्यांचा वेदांत तेव्हा आठवीत होता आणि वर्गात दुसरा आला होता. सावंतांचं म्हणणं असं की नंबर माइकवरून जाहीर झाले पाहिजेत. मुलांनी मेहनत करायची आणि शाळेने ती अंगठ्याखाली दाबायची, हा कुठला न्याय? चार पालकांनी माना डोलावल्या.

बाईंनी वाद घातला नाही. स्वतःची गोष्ट सांगितली. गावच्या शाळेत त्या दरवर्षी पहिल्या यायच्या. काका गल्लीभर पेढे वाटायचे, मढवींची पोर म्हणजे पहिली, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मग त्या ठाण्याच्या कॉलेजात गेल्या. पहिल्या चाचणीचा निकाल फळ्यावर लागला तेव्हा त्यांना आपलं नाव खालून शोधावं लागलं. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, काय झालं म्हणून तोंड पाडून बसलीस?

“मी सांगितलं, बाबा, मी तीच हाय. वर्ग बदललाय,” बाई म्हणाल्या. “सावंत साहेब, नंबर मुलाचा नसतो. नंबर वर्गाचा असतो. बाजूला कोण बसलंय, त्यावर तो ठरतो. वर्ग माहीत नसलेल्या माणसाला नुसता नंबर सांगून काय कळणार?”

सावंतांना ते पटलं नाही, पण ‘हाय’ ऐकल्यावर तेही खाली बसले. मला मात्र त्या दिवशी माझी मुलाखत आठवली आणि मनातल्या मनात हसू आलं. शाळेचा नियम मग कायमचाच झाला. चौकट भरली जाईल, मुलाला हवं तर तो घरी जाऊन बघेल, पण शाळेच्या फाटकाबाहेर कुणाचाही नंबर शाळा स्वतः सांगणार नाही.

नियम चांगला होता. मी तो मनापासून पाळला आणि इतरांना समजावलाही. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांचे अर्ज इंग्रजीची बाई म्हणून माझ्या गळ्यात पडले होते. त्या अर्जात एक भाग शाळेने भरायचा असतो आणि त्यात हमखास प्रश्न असतो की हा विद्यार्थी वर्गात कितवा. सांगायचं नसेल तर ‘आमची शाळा क्रमांक देत नाही’ असा पर्याय असतो. मी दरवर्षी डोळे मिटून तिथे खूण करायची. जाणारी मुलं बहुतेक टॉवरांमधलीच, त्यांच्या फायली इतर गोष्टींनी गच्च भरलेल्या. कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते दर्शनाचं.

दर्शना दिवाळे गावची. वडिलांची होडी, आई धक्क्यावर मासळी विकायला बसायची. मुलगी किडकिडीत, बोलायला मोजकी, आणि फिजिक्स शिकायचं एवढ्या एका गोष्टीवर ठाम. अकरावीत आमच्याकडे आली तेव्हापासून सलग पहिली, आणि तीही अशी की बाकीच्यांची चुरस दुसऱ्या नंबरासाठी असायची. सगळा खर्च उचलणारी शिष्यवृत्ती देणारं एक परदेशी कॉलेज तिने स्वतःच शोधून काढलं होतं. शिष्यवृत्ती नसेल तर जायचा प्रश्नच नव्हता, कारण घरून तिच्या विमानाच्या तिकिटाचीही सोय होणार नव्हती. त्याच कॉलेजला त्याच वर्षी वेदांत सावंतनेही अर्ज केला होता. आठवीतला दुसरा वेदांत बारावीत, बाहेरून नवी मुलं आल्यावर, नववा झाला होता. तोच मुलगा, वर्ग बदललेला. बाईंचं म्हणणं इतकं शब्दशः खरं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी दोघांच्याही अर्जात नेहमीची खूण करणार आहे हे दर्शनाला कळलं आणि ती तडक बाईंच्या ऑफिसात आली. मी तिथेच सह्या घेत उभी होते. तिने दप्तर खाली ठेवलं आणि एका दमात बोलली.

“मॅडम, त्या कॉलेजनी आपल्या शाळेचं नाव पन ऐकलं नसेल. वेदांतच्या अर्जात कोडिंगचे कोर्स हायेत, गिटारच्या परीक्षा हायेत, सुट्टीत सिंगापूरला जाऊन काहीतरी केलंय. माझ्या अर्जात नंबर हाय. तो तुमी झाकलात तर माझ्याकडे काय उरतं?”

बाईंनी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं. ती बसली नाही. बाईंनी तिला ठाण्याच्या कॉलेजची गोष्ट सांगायला सुरुवात केली, पण अर्ध्यावर त्यांचं त्यांनाच जाणवलं असावं की ही गोष्ट या मुलीसाठी नाही. त्या थांबल्या. दोन दिवसांत सांगते, म्हणाल्या. दर्शना गेली आणि बाईंनी उठून ऑफिसचं दार लावून घेतलं. एवढ्या वर्षांत ते दार आतून लावलेलं मी पाहिलं नव्हतं. दारामागचा फलक समोर आला, सोनेरी अक्षरांवर धूळ बसली होती. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या दिवशी बोंबलाचा डबा उघडला गेला नाही आणि स्टाफरूममधल्या मंडळींना ते आवडलं नाही, हे मी लिहून ठेवते.

मी एक तोड सुचवली. अर्जात नेमका नंबर न देता ‘वरच्या दहा टक्क्यांत’ असंही लिहायची सोय होती. दर्शनाचं काम होईल आणि नियमही फार मोडणार नाही. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझा सात जणांतला प्रथम क्रमांक आठवला. “अर्धं झाकायचं असेल तर पूर्ण झाकलेलं काय वाईट?” त्या म्हणाल्या. आणि एकीला लिहायचं तर त्याच कॉलेजला जाणाऱ्या दुसऱ्याचं काय करायचं, हाही प्रश्न होताच.

दुसऱ्या दिवशी तो प्रश्न स्वतः चालत आला. सावंत साहेबांना कुणकुण लागली होती. नंबर माइकवरून सांगा म्हणणारे हेच गृहस्थ आता मुलांच्या मानसिक आरोग्याबद्दल बोलत होते. शाळेचा नियम फार पुढारलेला आहे, तो एका मुलीसाठी मोडू नये, नंबराने माणूस मोजता येत नाही, असं ते म्हणाले. बाईंची सगळी वाक्यं ते बाईंनाच ऐकवत होते. मला वाटलं, आता ‘हाय’ येणार. पण बाई शांत होत्या. त्यांनी सावंतांना जुन्या सभेची आठवण करून दिली नाही, चहा पाजला आणि जिन्यापर्यंत सोडायला गेल्या. परत येऊन मला म्हणाल्या, “नंबर वर्गाचा, असं मीच म्हणते ना? मग माझ्याकडे कशाला विचारताय? वर्गाला विचारू.”

त्यांच्या गावात गावकी बसते. पालखीचा मान असो, जत्रेचं काम असो, नाहीतर दोन भावांमधली भिंत असो, जे सगळ्यांचं आहे ते देवळाच्या मंडपात सगळ्यांनी जमिनीवर बसून ठरवायचं. ज्याचं काम असेल त्याने उंबऱ्यावर बसायचं आणि बोलायचं नाही. मुख्य माणसाने शेवटी बोलायचं. बाईंनी ही पद्धत जशीच्या तशी शाळेत आणली. प्रार्थना हॉलमध्ये सतरंज्या घातल्या आणि बारावी सायन्सचा सगळा वर्ग गोल बसवला. बाक नव्हते, त्यामुळे कोण पुढे आणि कोण मागे हा प्रश्न मिटला. दर्शना आणि वेदांत दाराच्या उंबऱ्यावर, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून बसले. बाई भिंतीला टेकून मांडी घालून बसल्या आणि मी त्यांच्या शेजारी. आता मी मढवींच्या बाजूची झाले, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला.

एकदम सगळेच बोलायला लागले. इशिका म्हणाली, तिचा नंबर कुणी तिला न विचारता सांगितला तर तिला चालणार नाही. दुसरा म्हणाला, दर्शनाने मेहनत केली आहे, तिचा तिला द्या, बाकीच्यांचं तुम्ही बघा. त्यावर चष्मेवाल्या ओंकारने मुद्दा काढला की एकाच वर्गातून एकाच कॉलेजला दोन अर्ज जाणार, एकावर नंबर आणि एकावर नाही, तर ज्याच्यावर नाही त्याचा वाईट आहे असंच ते समजणार. त्यामुळे दोघांचे द्या, नाहीतर कुणाचेच नको. हे सगळ्यांना पटलं. आणि पटल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की आता दर्शनाचं जाणं वेदांतच्या हातात आहे. वेदांत बुटाच्या नाडीशी खेळत होता.

मला वाटतं तो विषय तिथेच संपला असता. वेदांतला भर सभेत कुणी विचारलं नसतं, आणि विचारू नये हे बरोबरच होतं. पण समोरून रितेश उठला. गावकीत उठून बोलत नाहीत, तरी उठला. रितेश कळंबोलीचा, वडिलांचे दोन ट्रक, आणि वर्गात तो पहिल्या चाचणीपासून शेवटचा.

“मॅडम, एक बोलू का? तुमी नंबर लपवता, चांगलंय, आमाला टेन्शन नको म्हनून. पन लास्ट नंबर माझाय, तो कधी लपला? वर्गात माहितीय, बसमध्ये माहितीय, आमच्या यार्डात क्लीनरला पन माहितीय. लास्टवाल्याचा सगळ्यांना माहीत असतो. तुमी लपवता तो फक्त फर्स्टवालीचा.”

एवढं बोलून तो खाली बसला.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा डावा अंगठा साडीच्या निरीवर टेकलेला होता आणि त्या त्याच्याकडेच बघत होत्या. इतकी वर्षं ज्या मुलांसाठी तो अंगठा तिथे बसत होता, त्यांच्यातलाच एक उठून सांगत होता की तो त्यांच्या उपयोगाचा नव्हता. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. पण बाईंना वाईट वाटलेलं दिसलं नाही. गणितातली आपली चूक मुलाने फळ्यावर दाखवून दिली की त्यांचा चेहरा व्हायचा तसा झाला होता, उजळलेला.

“मना ह्या कवाच सुचला नाय,” त्या म्हणाल्या. मुख्य माणसाने शेवटी बोलायचं हा नियम त्यांनी स्वतःच मोडला. “बस रे रितेश. बरोबर हाय तुझा.”

तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला. तिथे बसलेल्याने बोलायचं नसतं, पण त्या दिवशी कुठलाच नियम धड पाळला गेला नाही.

“मॅडम, माझा लिहा. नववा,” वेदांत म्हणाला. मान अजून खालीच होती. “पप्पांना मी सांगतो.”

दर्शनाने त्याच्याकडे पाहिलं. दोघांमधलं हातभर अंतर होतं तेवढंच राहिलं, पण तिने आपलं दप्तर मधून उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं.

संध्याकाळी बाईंनी मला बसवून घेतलं आणि अर्जातला शाळेने भरायचा भाग शब्दन् शब्द सांगून लिहून घेतला. नुसता नंबर लिहू देईनात. वर्गात किती मुलं आहेत, कोण कुठून येतं, कुणाला घरी अभ्यासाला स्वतंत्र खोली आहे आणि कोण धक्क्यावरच्या दिव्याखाली बसतं, हे सगळं आधी. मग दर्शना पहिली आणि वेदांत नववा. प्रत्येकाच्या अर्जात त्याच्या बाजूला बसणाऱ्याबद्दलही एक वाक्य. आणि शेवटी: आमची शाळा बाहेर क्रमांक कळवत नाही, हा क्रमांक विद्यार्थ्याच्या इच्छेने आणि त्याच्या संपूर्ण वर्गाच्या संमतीने कळवत आहोत. मी इंग्रजी करताना म्हटलं, असलं काही त्या लोकांनी कधी वाचलं नसेल. बाई म्हणाल्या, मग वाचू देत की.

सावंत साहेब नंतर आले, चिडून आले. बाईंनी त्यांना वेदांतसमोर बसवलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा सावंतांचा हात मुलाच्या खांद्यावर होता.

दर्शनाला प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसकट. वेदांतला तिथे मिळाला नाही, पुण्याच्या एका चांगल्या कॉलेजात मिळाला आणि तो तिथे मजेत आहे. नंबरामुळे काय घडलं आणि काय घडणारच होतं, ते कॉलेजने कळवलं नाही. कळवण्याची पद्धतच नसते. मला ते खूप दिवस सलत होतं. नंबर न जाता वेदांतला मिळाला असता का, असा विचार अजूनही येतो. बाईंनाही येत असणार, पण त्या म्हणाल्या की पोराने विचार करून सांगितलं होतं, आपण त्याच्या वतीने पश्चात्ताप करायचा नाही.

दर्शनाची आई एक दिवस कोलंबीची पाटी घेऊन थेट ऑफिसात आली. “बाय, पोरगी पयली आली म्हनून नेली ना त्यांनी?” तिने विचारलं. आजपर्यंत या प्रश्नाला बाईंनी काय उत्तर दिलं असतं ते मला पाठ होतं. त्या म्हणाल्या, “पयली आली, त्यानं बी नेली असंल. पन माझ्या तोंडावर मागायला आली, ह्या जास्त झाला.” मग दोघी कोलंबीच्या भावावर बोलत बसल्या आणि मी सह्या न घेता परत आले.

त्यानंतर नियम बदलला. मुलाने मागितला तर नंबर द्यायचा, वर्गाला विचारून. एका वर्षी एका वर्गाने नाही म्हटलं आणि त्या वर्षी कुणाचाच गेला नाही. फलक मात्र दारामागेच राहिला. नंतर दोनेक वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांच्या कारकिर्दीतल्या गुणवंतांची यादी वाचायचा बेत होता, तो त्यांनी हाणून पाडला आणि त्या दिवशी रितेशला बोलायला उभं केलं. तो बारावी पास होऊन वडिलांच्या ट्रकांचं ऑफिस बघायला लागला होता. तो काय बोलला ते मला आठवत नाही, कारण मी रडत होते.

मागच्या निकालाच्या दिवसांत मी घणसोलीला गेले होते. बाई जिन्याच्या मधल्या वळणावर खुर्ची टाकून बसल्या होत्या, कारण घरात बसलं तर येणारेजाणारे दिसत नाहीत. दर्शनाचा फोन दर रविवारी येतो, म्हणाल्या. ती तिथे कितवी आहे हे त्यांनी अजून विचारलेलं नाही. तिच्या बाजूला कोण बसतं, त्या मुलीचं गाव कुठलं, तिचा भाऊ काय करतो, हे मात्र त्यांनी मला अर्धा तास सांगितलं. माझ्याही बाजूला आता कोण बसतं ते विचारून घेतलं.

मी निघायला उठले तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची श्रावणी पळत खाली आली. दुसरीतून तिसरीत गेलेली, दोन वेण्या, हातात प्रगतिपुस्तक. कुठल्याशा दुसऱ्या शाळेचं होतं, पण चौकट तीच आणि तिथेच. बाईंनी पुस्तक घेतलं, चष्मा लावला आणि डावा अंगठा सवयीने जागेवर जाऊन बसला. मराठी वाचलं, गणित वाचलं, परिसर अभ्यास वाचला. चित्रकलेला थांबून काय काढलं होतंस ते विचारलं.

श्रावणी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. “आजी, अंगठा काढा ना,” ती म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “तुला दाखवायचा हाय?”

“हो.”

बाईंनी अंगठा उचलला. खाली चार होता. पुस्तक मांडीवर ठेवून त्यांनी खुर्ची थोडी सरकवली आणि श्रावणीला पायरीवर जागा करून दिली. “चौथी. बरं. आता सांग, वर्गात कोन कोन हाय?”

श्रावणी बोटांवर मोजत नावं सांगायला लागली. मी जिना उतरले, गल्लीत आले, तरी वरून नावं ऐकू येत होती, अनन्या, मग सोहम, मग झैनब, आणि मधेच बाईंचा आवाज, “थांब, थांब. झैनब कुनाच्या बाजूला बसते?”